चार वाद्यांचं ‘पर्पल हेझ’: क्रोनोस क्वार्टेटच्या एका निर्णयाचा अभ्यास

१९८६ साली नॉनसच या अमेरिकी कंपनीकडून क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीची एक ध्वनिमुद्रिका आली. नाव साधंच, चौकडीचं. आत पाच रचना. पहिली ऑस्ट्रेलियाच्या पीटर स्कल्थॉर्पची, दुसरी फिनलंडच्या औलिस सालिनेनची, तिसरी फिलिप ग्लासची, चौथी मेक्सिकोत जाऊन स्थायिक झालेल्या कॉनलन नॅनकॅरोची. चौघेही तेव्हा हयात होते, चौघेही कागदावर स्वर लिहिणारे, संगीताच्या विद्यापीठांत अभ्यासले जाणारे. पाचवी आणि शेवटची रचना रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची, ‘पर्पल हेझ’. हेंड्रिक्सला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हतं.

दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. ड्रम नाहीत, गिटार नाही, गाणारा नाही. सगळा मामला तीन मिनिटांच्या आसपासचा.

स्ट्रिंग क्वार्टेट हा पाश्चात्त्य अभिजात संगीतातला अतिशय सोवळा प्रकार. हायडन, मोत्सार्ट, बीथोव्हन यांनी आपलं सर्वांत खोल चिंतन याच चार वाद्यांसाठी लिहिलं. आपल्याकडे विलंबित ख्यालाला जो मान, साधारण तो तिकडे क्वार्टेटला. त्या घरात रॉकचं गाणं आणून बसवायचं, तेही मुख्य पंक्तीत, हा निर्णय आज वाटतो तेवढा सोपा नव्हता. गेल्या चाळीस वर्षांत व्हायोलिन-चेलोवर रॉक वाजवणारे पुष्कळ गट झाले. त्यांतल्या बऱ्याच जणांचं वादन पहिल्या मिनिटात गंमत वाटतं आणि तिसऱ्या मिनिटात कंटाळा येतो. क्रोनोसच्या या तुकड्याबद्दल माझं तसं कधी झालं नाही. असं का, हे तपासण्यासाठी हा खटाटोप.

सिॲटलमधला रेडिओ

हेंड्रिक्स १९४२ साली सिॲटलला जन्मला. क्रोनोसचा संस्थापक, व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन १९४९चा, तोही सिॲटलमध्येच वाढला. शहर एक, पण दोघांचं संगीत शहराच्या दोन टोकांना. हॅरिंग्टन लहानपणापासून क्वार्टेटवेडा होता. १९७३ साली एके रात्री त्याने रेडिओवर जॉर्ज क्रम या अमेरिकी संगीतकाराची ‘ब्लॅक एंजल्स’ ही रचना ऐकली, आणि तिच्यासाठी त्याने स्वतःची चौकडी उभी केली.

‘ब्लॅक एंजल्स’बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘पर्पल हेझ’ची किल्ली माझ्या मते इथे आहे. क्रमने ही रचना १३ मार्च १९७० या शुक्रवारी पूर्ण केली आणि संहितेवर ‘युद्धकाळात’ असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. युद्ध व्हिएतनामचं. रचना ‘इलेक्ट्रिक स्ट्रिंग क्वार्टेट’साठी आहे, म्हणजे चारही वाद्यांचा आवाज विजेवर वाढवलेला. पहिल्या भागाचं नावच विजेच्या कीटकांची रात्र. वाजवणाऱ्यांनी बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं घालायची, पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवर गज फिरवायचा, वेगवेगळ्या भाषांत आकडे ओरडायचे, गज डाव्या हाताच्या बोटांच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला चालवायचा. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक स्वरांतर पुन्हा पुन्हा येतं: षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपात या जोडीला पूर्वी ‘संगीतातला सैतान’ म्हणत.

आता ‘पर्पल हेझ’ची पहिली काही सेकंदं आठवा. बास गिटार ‘ई’ हा स्वर ठोकते आहे आणि त्यावर गिटार ‘बी फ्लॅट’. म्हणजे सा आणि तीव्र म, एकमेकांवर आपटत. अगदी तेच स्वरांतर.

क्रमची रचना पूर्ण होण्याच्या सातेक महिने आधी, १८ ऑगस्ट १९६९च्या सकाळी, वुडस्टॉकच्या संगीत-महोत्सवाच्या मंचावर हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं होतं आणि त्यात बॉम्ब, किंकाळ्या, विमानं ऐकू आली होती. एक माणूस विद्यापीठात शिकवणारा, दुसरा क्लबांमधून आणि मैदानांवर वाजवणारा. दोघंही त्याच काळात तारा, वीज आणि युद्ध या तीनच गोष्टींशी झगडत होते. हॅरिंग्टनने ज्या वयात ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकलं, त्या वयाच्या अमेरिकी मुलाच्या कानात हेंड्रिक्स आधीपासून होताच. त्यामुळे क्रोनोस ‘रॉककडे गेलं’ असं म्हणणं मला पटत नाही. क्रम आणि हेंड्रिक्स हॅरिंग्टनच्या कानात शेजारी राहत होते. दोन्ही घरांमधली भिंत इतरांनी बांधलेली होती.

हात मागायची सवय

सुरुवातीची वर्षं ओढगस्तीची होती. केन बेन्शूफ या सिॲटलमधल्या संगीतकाराने चौकडीसाठी पहिली रचना लिहिली, तिचं मानधन म्हणून हॅरिंग्टनने त्याला डोनटची एक पिशवी दिली, ही गोष्ट क्रोनोसच्या इतिहासात हमखास सांगितली जाते. मला ती आवडते, कारण तिच्यात हॅरिंग्टनचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो: खिशात काही नसताना जिवंत संगीतकाराकडे जाऊन ‘आमच्यासाठी लिहा’ म्हणायचं. १९७८ साली चौकडी सॅन फ्रान्सिस्कोला स्थिरावली तेव्हा तिची पुढची दोन दशकं टिकणारी घडण तयार झाली: हॅरिंग्टन आणि जॉन शेर्बा व्हायोलिनवर, हँक डट व्हियोलावर, जोन जॉनरेनो चेलोवर.

त्याच सुमारास जवळच्या मिल्स कॉलेजात टेरी रायली हा अमेरिकी संगीतकार शिकवत होता. रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. (ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ आपल्या मिरजेत राहिले, तेच हे घराणं.) गुरूकडे बसल्यापासून रायलीने स्वर कागदावर मांडणं जवळजवळ सोडून दिलं होतं, सगळं वाजवता वाजवता घडायचं. हॅरिंग्टनने त्याची पाठ सोडली नाही. शेवटी रायलीने क्रोनोससाठी लिहायला घेतलं, आणि त्यातून पुढे क्वार्टेटसाठीच्या मोठमोठ्या रचना निर्माण झाल्या.

हेंड्रिक्सच्या बाबतीत असं मागे लागणं शक्य नव्हतं. तो नव्हताच. त्याने कागदावर काही ठेवलंही नव्हतं, मागे उरल्या होत्या त्या ध्वनिफिती. तेव्हा कुणीतरी त्या ऐकून चार वाद्यांसाठी उतरवणं भाग होतं. ते काम स्टीव्ह रिफकिनने केलं. एरवी संगीतकाराला ‘लिहून दे’ म्हणणारी चौकडी इथे दुसऱ्याकडून हेंड्रिक्सचं लिहवून घेत होती.

रॉकच्या घरातली तंतुवाद्यं

उलट बाजूने हा प्रवास आधी झालेला होता. १९६५ च्या जूनमध्ये बीटल्सच्या ‘येस्टरडे’साठी निर्माता जॉर्ज मार्टिनने एक स्ट्रिंग क्वार्टेट बोलावलं. पुढच्या वर्षी ‘एलेनॉर रिग्बी’त आठ तंतुवाद्यं वाजली, आणि तिथे ती खरोखर धारदार आहेत. पण त्यानंतर रॉकमध्ये व्हायोलिनं शिरली ती बहुतेक गादी-उशी बनून. गायकाला मऊ बसता यावं, गाणं ‘भारदस्त’ वाटावं, एवढंच त्यांचं काम. वाजवणाऱ्यांची नावंही बऱ्याचदा पाकिटावर नसत.

म्हणजे १९८० च्या दशकात क्वार्टेटने रॉकला हात लावायचा तर दोन मळलेल्या वाटा होत्या. एक, रॉकचं गाणं घेऊन त्याला मऊ करायचं, चहापानाच्या वेळचं संगीत करायचं. दोन, ड्रम आणि बास भाड्याने आणून रॉक बँड व्हायचं. क्रोनोसने दोन्ही वाटा सोडल्या. पहिली सोडली हे स्वाभाविक वाटतं. दुसरी सोडली हे मात्र विशेष, कारण मोह तिथेच होता.

चौघांवर गाणं कसं वाटायचं

‘पर्पल हेझ’ मूळ तीन जणांचं: हेंड्रिक्स, बासवर नोएल रेडिंग, ड्रमवर मिच मिचेल. १७ मार्च १९६७ रोजी ब्रिटनमध्ये निघालेलं हे गाणं तिथल्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. माणसं तीन, पण ओळी मोजल्या तर चार: गळा, गिटार, बास, ड्रम. आणि क्वार्टेटमध्ये माणसं चार. कागदावर हिशोब लगेच जुळतो. अडचणी त्यानंतर सुरू होतात.

पहिली अडचण तळाची. बास गिटारची सर्वांत खालची तार, मंद्र ‘ई’, सुमारे ४१ हर्ट्झवर कंपते. चेलोची सर्वांत खालची तार ‘सी’, ६५ हर्ट्झच्या जवळ. म्हणजे बासचा तो ‘ई’ चेलोकडे नाहीच. चेलोला मिळणारा खालचा ‘ई’ ८२ हर्ट्झचा, जो गिटारच्या जाड तारेचा स्वर आहे. बासचा तो तळघराचा मजला क्वार्टेटच्या घरात नाही. तो भासवायचा तर वजन दुसऱ्या मार्गाने आणावं लागतं: गजाच्या दाबाने, आघाताने, चौघांनी एकाच वेळी एकच ठोका देण्याने.

दुसरी अडचण ड्रमची. मिच मिचेल जॅझकडून आलेला, त्याच्या हातात ठेका सरळ चालत नाही, तो सतत गाण्याला टोचत, ढकलत राहतो. ते जसंच्या तसं चार तारवाद्यांवर येणं अशक्य. पण क्वार्टेटच्या शब्दसंग्रहात आघाताची साधनं नव्हती असं नाही. हंगेरीच्या बार्टोकने १९२८ च्या आपल्या चौथ्या क्वार्टेटमध्ये तार इतकी जोरात ओढून सोडायला सांगितलं आहे की ती पट्टीवर आपटून कडाडते. गजाच्या लाकडाने तार ठोकणं त्याच्याही आधीपासून चालत आलेलं. गजाच्या मुठीकडच्या टोकाने तारेवर आडवा ठोका देऊन नुसता ‘खच्’ असा आवाज काढणं, ही लोकसंगीतातल्या फिडलवाल्यांची करामत. बार्टोक रोज वाजवणाऱ्या चौकडीला हे सगळं हाताशी होतं. ड्रमरची उणीव भरून काढायला ती नव्या दुकानात गेली नाही, स्वतःच्या कपाटात तिने शोधलं.

तिसरी गोष्ट मात्र अडचण म्हणून समोर येते आणि निघते वेगळंच काही. हेंड्रिक्सचा आवाज म्हणजे मुख्यतः फझ. गिटारचा संकेत ॲम्पच्या, म्हणजे ध्वनिवर्धकाच्या, आधी एका छोट्या पेटीत इतका वाढवायचा की लाटेची डोकी कापली जातात. कापलेल्या लाटेत मूळ स्वरासोबत वरचे अनेक उपस्वर उसळतात, आवाज दाणेदार, खरखरीत होतो. सतारीच्या घोडीवर जवारी उघडी ठेवली की जे होतं त्याचा हा फार उग्र भाऊबंद. ‘पर्पल हेझ’च्या गिटारवादनात याशिवाय रॉजर मेयरने बनवलेली ऑक्टेव्हिया नावाची पेटी आहे, जी स्वराच्या वर त्याचंच वरचं सप्तक चढवते.

हे सगळं गिटारला का लागलं? गिटारची तार छेडली की आवाज लगेच विरायला लागतो. तिला आस कमी. फझ, मोठ्या ॲम्पचा धक्का, फीडबॅक (ॲम्पचा आवाज परत गिटारमध्ये शिरून घुमत राहणं), या सगळ्यातून गिटारवाल्यांनी मिळवली ती आस: स्वर धरून ठेवता येणं, तो फुगवता येणं, रडवता येणं. तार ओढून आणि दांडी हलवून त्यांनी पडद्यांच्या मधली मींड मिळवली. आता या यादीकडे व्हायोलिनवाल्याच्या नजरेने बघा. अखंड आस त्याच्याकडे गज हाती आल्यापासून आहे. पडदे त्याच्या वाद्याला नाहीतच, त्यामुळे मींड फुकट. गजाखाली तार आळीपाळीने चिकटते आणि सुटते, त्यामुळे तिची लाट करवतीच्या दातांसारखी, उपस्वरांनी भरलेली असते. गज घोडीजवळ नेला की वरचे उपस्वर कडक होतात. दाब गरजेपेक्षा वाढवला की स्वर फाटतो आणि खरखर येते. व्हायोलिनच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा फाटका आवाज काढल्याबद्दल बोलणी बसतात. क्रोनोसने तोच आवाज मोजूनमापून, जाणीवपूर्वक वापरला.

इलेक्ट्रिक गिटार विजेच्या मदतीने ज्या जागी पोहोचू पाहत होती ती जागा गजाच्या वाद्यांची होती. लेड झेपेलिन या रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज मंचावर गिटारवर चक्क व्हायोलिनचा गज घासत असे, तो याच ओढीने. म्हणून हेंड्रिक्स गजावर आणताना क्वार्टेटला त्याचं सोंग आणावं लागलं नाही. या गाण्यासाठी मला हा सगळ्यात निर्णायक मुद्दा वाटतो. याच कारणाने, दुसऱ्या एखाद्या रॉक गाण्यावर, जिथे सगळा जीव शब्दांत किंवा ठेक्यात आहे, हाच प्रयोग फसला असता.

आणखी एक बारकावा आपल्या कानांसाठी. गाण्याच्या कडव्याखाली जो मुख्य मेळ आहे, ज्याला लोक ‘हेंड्रिक्स कॉर्ड’च म्हणतात, त्यात ‘ई’ ला षड्ज धरलं तर शुद्ध गंधार खाली आहे आणि कोमल गंधार सगळ्यात वर. दोन्ही गंधार एकाच वेळी. जोग रागात आपण दोन्ही गंधार ऐकतो, पण चढताना एक आणि उतरताना दुसरा. इथे ते एका क्षणी, एकमेकांना खेटून. ब्लूजमध्ये गायक ज्या गंधाराला शुद्ध-कोमलच्या मधे कुठेतरी झुलवत ठेवतो, त्या झुलण्याचं हे गोठवलेलं रूप. पियानोवर हा मेळ टणक लागतो. चार जणांनी गजावर वाजवला की प्रत्येक स्वर वेगळ्या माणसाच्या बोटात असतो, किंचित वर, किंचित खाली सरकू शकतो, आणि घासलं जाणं ऐकू येतं. मूळ गाण्यापेक्षाही इथे ते जास्त उघडं आहे असं माझं मत आहे.

गायकाची ओळही गजानेच म्हटली जाते, शब्दांशिवाय. इथे तोटा होतो, आणि तो मान्य केला पाहिजे. हेंड्रिक्सचं गाणं अर्धं बोलणं होतं, बेफिकीर, जरा लाजरं, मधेच स्वतःशी पुटपुटल्यासारखं. व्हायोलिनला बेफिकिरी अवघड जाते. ते वाद्य कितीही रगडा, त्यात प्रयत्न दिसतो. मिचेलच्या ड्रममधली ती लवचीक ढकलही इथे जाते, तिच्या जागी चौघांचा एकवटलेला, काहीसा ताठ ठोका येतो. मी हे गाणं हेंड्रिक्सऐवजी म्हणून कधी ऐकत नाही. त्याच्या शेजारी ठेवून ऐकतो.

आवाजाचा माणूस

क्रोनोसने मंचावर मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धन यांना घाबरणं खूप लवकर सोडलं. अभिजात जगात हा मोठा आक्षेपाचा मुद्दा होता आणि काही ठिकाणी अजून आहे: क्वार्टेटचा आवाज लाकडातून थेट कानात यावा, मधे यंत्र नको. क्रोनोसपुढे हा प्रश्न ‘ब्लॅक एंजल्स’ने पहिल्याच दिवशी निकालात काढला होता, कारण ती रचना विजेशिवाय होतच नाही. पुढे चौकडी स्वतःचे ध्वनितंत्रज्ञ आणि प्रकाशयोजनाकार घेऊन दौरे करू लागली. कपडेही काळ्या कोट-टायचे राहिले नाहीत, आपापल्या काळाचे झाले.

यातल्या कपड्यांवर त्या वेळी सर्वांत जास्त बोललं गेलं आणि महत्त्व त्यांना सर्वांत कमी होतं. ध्वनितंत्रज्ञ हा पाचवा वादक असणं, हे खरं महत्त्वाचं. रॉकमध्ये ते गृहीतच असतं; ‘पर्पल हेझ’ घडवण्यात ध्वनिमुद्रक एडी क्रेमरचा वाटा लहान नाही. गजाची खरखर, तारेवरचा बोटाचा घसारा, लाकडाचा ठोका हे सारं हजार माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत जायचं तर कुणीतरी ते तिथवर पोहोचवायला हवं. शिवाय मोठ्या आवाजासाठी हाताने जोर लावायची गरज उरली नाही की हात बारीक कामाला मोकळा होतो. आपल्याकडे मायक्रोफोन आल्यावर ख्यालगायकांच्या आवाजाच्या लगावात झालेला बदल ज्यांनी जुन्या-नव्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कुठे ठेवायचं

मैफलीत क्रोनोस ‘पर्पल हेझ’ शेवटी, टाळ्या संपत नाहीत म्हणून परत येऊन वाजवायचं तसं वाजवत असे. ही जागा सुरक्षित असते. मुख्य कार्यक्रम गंभीर झाला, आता थोडी मजा. रसिकही त्याच सैलपणाने ऐकतात. जर ते तिथेच राहिलं असतं तर आज त्यावर लिहावं असं काही उरलं नसतं.

१९८६ च्या ध्वनिमुद्रिकेत जागा बदलली. शेवटचीच, पण आता ती चार रचनांनंतरची पाचवी होती. आधी स्कल्थॉर्पचा आठवा क्वार्टेट. मग सालिनेनचा तिसरा, जो एका जुन्या फिनिश फिडलवादकाच्या प्रेतयात्रेच्या धूनवर बांधलेला आहे, म्हणजे लोकधून क्वार्टेटमध्ये आणण्याची परंपरा तिथे आधीच हजर. मग ग्लासचं ‘कंपनी’, एकाच आकृतीची आवर्तनं फिरत राहणारं. मग नॅनकॅरो, ज्याचा जीव तालांच्या गुंत्यात. आणि मग हेंड्रिक्स. या क्रमाने ऐकलं की कान आधीच लोकधून, आवर्तन आणि आडव्या तालाला सरावलेले असतात, आणि ‘पर्पल हेझ’ त्यांचंच पुढचं पाऊल वाटतं. पहिला ठोका तरीही दचकवतो, पण परका वाटत नाही.

एखादी चीज रागदारीच्या मैफलीत कुठे गावी याचा विचार आपले गवई किती करतात हे आपण जाणतो. ध्वनिमुद्रिकेच्या या मांडणीत तोच विचार आहे, आणि माझ्या लेखी रिफकिनच्या उतरवणीइतकाच मोठा वाटा या मांडणीचा.

नंतर

दार उघडं राहिलं. १९९० मध्ये क्रोनोसने टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडचं ‘मार्की मून’ वाजवलं. १९९८ मध्ये चौकडी डेव्ह मॅथ्यूज बँडच्या ध्वनिमुद्रिकेत होती, पुढे आइसलंडच्या सिगुर रोसचं गाणं तिच्या कार्यक्रमांत आलं. मधल्या काळात इतरही चालू लागले होते. १९९३ मध्ये ब्रिटनच्या ब्रॉड्स्की क्वार्टेटने गायक एल्विस कॉस्टेलोबरोबर पत्रांवर आधारलेली गीतमालिका केली. १९९६ मध्ये हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकलेल्या चार चेलोवादकांनी, ॲपोकॅलिप्टिकाने, मेटॅलिका या मेटल बँडची गाणी चार चेलोंवर काढली. ॲपोकॅलिप्टिकाने पुढे ड्रम घेतले, गायक घेतले आणि ते स्वतःच मेटल बँड झाले. त्यांची वाट वेगळी, तीही प्रामाणिक. लॉस एंजेलिसच्या व्हिटॅमिन स्ट्रिंग क्वार्टेटने १९९९ पासून शेकड्याने पॉप-रॉक गाणी तंतुवाद्यांवर उतरवली, आणि २०२० मध्ये ‘ब्रिजर्टन’ मालिकेतून ती घराघरांत गेली. तिथलं काम नेटकं आहे. पण तिथे गाणं ओळखू येणं हा आनंदाचा गाभा आहे, आणि क्रोनोसमध्ये गाणं ओळखल्यानंतर खरं ऐकणं सुरू होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

या प्रकरणाची एक बाजू आपल्या अंगणात येते. २००० साली क्रोनोसने झाकीर हुसेन यांच्या तबल्यासह राहुलदेव बर्मन यांचं ‘आज की रात’ ध्वनिमुद्रित केलं. २००५ मध्ये बर्मन यांच्या बारा गाण्यांची पूर्ण ध्वनिमुद्रिका आली आणि तिच्यात गायला होत्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. वय ७१. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी स्वतःच गायलेली गाणी त्या पुन्हा गात होत्या: ‘दम मारो दम’, ‘चुरा लिया है तुमने’, ‘पिया तू अब तो आजा’. सोबत झाकीर हुसेन आणि पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणारी वू मान. या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

ती ऐकताना लक्षात येतं की ‘ड्रम नकोत’ हा क्रोनोसचा नियम नव्हताच. पंचमदांच्या गाण्यांत मुळात रॉकची गिटार आहे, लॅटिन तालवाद्यं आहेत, बाटलीत फुंकलेली हवा आहे, स्टुडिओभर पसरलेला वाद्यवृंद आहे. चार वाद्यांत ते आवळलं असतं तर गाणी गुदमरली असती. तेव्हा इथे चौघांनी आपल्या तारांचे थरावर थर चढवले, स्वतः की-बोर्ड आणि झांजांसारखी परकी वाद्यं हाती घेतली, तबला घेतला, पिपा घेतली. हेंड्रिक्स तीन माणसांचा, म्हणून चौघांत भागलं. पंचमदा गर्दीचे, म्हणून गर्दी केली. गाण्याला काय हवं ते आधी ऐकायचं आणि मग माणसं मोजायची, असं हे काम झालेलं दिसतं. आशाताईंचा श्वास, शब्दाच्या टोकाला त्या देतात ती हलकी झटक, याच्यामागे व्हायोलिन किती दबकत, किती जवळून चालतं हे ‘मेरा कुछ सामान’मध्ये ऐकावं. तिथे क्रोनोस गादी-उशी झालेलं नाही. ते साथीला बसलं आहे, आणि साथ म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

१९८६ च्या त्या चौघांपैकी जोन जॉनरेनो १९९९ मध्ये बाहेर पडली. जॉन शेर्बा आणि हँक डट २०२४ मध्ये निवृत्त झाले. आता त्यांतला एकटा हॅरिंग्टन उरला आहे, आणि त्याच्या बाजूला त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी चित्रातही नसलेले तीन वादक बसतात. ‘ब्लॅक एंजल्स’ त्यांना शिकावंच लागतं. आणि ज्याला स्वर वाचता येत नव्हते त्या माणसाचं गाणं, रिफकिनने उतरवलेलं, चार भागांत, स्टँडवर ठेवायला तयार आहे.